बाजूनं दिसणारी बाई

त्या दुपारी वीज गेली नसती तर शामलाला काहीच कळलं नसतं. शाळेच्या हॉलमधले पंखे थांबले, वरचा पत्रा तापून आत नुसती भट्टी झाली, आणि तबल्यावर बसलेले बंडप्पा गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "बाई, सोडा आज लेकरांस्नी. माझ्याच बोटांला घाम सुटलाय, हात चालंना." म्हणून तिनं तालीम अर्ध्यावर थांबवली, पोरांना पाणी पिऊन सावलीसावलीनं घरी जायला सांगितलं, आणि स्वतः डोक्यावरून पदर घेऊन धाराशिवच्या त्या पांढऱ्याफटक उन्हातून घरी आली. व्हरांड्यात चप्पल काढताना तिला आतून स्वतःचा आवाज ऐकू आला. "सूर म्हणजे काय नळाचं पाणी आहे का रे, आज आलं की एकदम पुढच्या आठवड्यात?" असं तो आवाज म्हणाला आणि पाठोपाठ हसणं उठलं. हे वाक्य तिचंच होतं. तिच्या उन्हाळी नाटकाच्या शिबिरात आलेल्या प्रत्येक पोरानं ते कधी ना कधी ऐकलेलं होतं. कुणीतरी मोबाइलवर आपल्याला टिपून ठेवलंय, असं तिला आधी वाटलं. पण 'का रे'नंतर त्या आवाजानं नाकातून एक आखूड श्वास घेतला, आणि तसा श्वास आपण घेतो हे शामलाला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. एक पाय चपलेत आणि एक गरम फरशीवर अशी ती उभी राहिली. कूलर बंद होता, पंखा बंद होता, आतला शब्दन्शब्द स्वच्छ बाहेर येत होता.

कूलर बसवलेल्या खिडकीला वरच्या बाजूला हातभर फट होती. तिच्यातून तिला पुढची खोली दिसली. दिवाणावर रणधीर आणि राजेश्वरी बसले होते. दोघंही तिच्या शिबिरात वाढलेले. रणधीर कितीतरी वर्षं तिच्या नाटकांतला राजा होता. आता कळंबला त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि पोट सुटलं होतं, पण शिबिराच्या शेवटच्या आठवड्यात तो न चुकता मदतीला यायचा. राजेश्वरी इथंच एका शाळेत शिकवायची आणि नाटकाचे कपडे सांभाळायची. आणि त्यांच्यासमोर, खोलीच्या मधोमध, कैवल्य उभा होता. तिचा मुलगा. पुण्यात एका विम्याच्या कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारा, सुटीवर आला की कोपऱ्यात मोबाइल घेऊन पडणारा, विचारलं तेवढंच बोलणारा कैवल्य. त्यानं डोक्याला काही गुंडाळलं नव्हतं, चष्मा लावला नव्हता, पदर म्हणून टॉवेलही घेतला नव्हता. फक्त डावा खांदा थोडा खाली सोडला होता आणि हाताची बोटं एकमेकांत गुंतवून पोटाशी धरली होती. आणि तेवढ्यानं तिथं शामला उभी होती. एक गोष्ट तिला विचित्र वाटली. तो त्या दोघांकडं तोंड करून उभा नव्हता. भिंतीकडं तोंड करून, त्यांना आपली एकच बाजू दिसेल असा तो उभा होता.

"आता शेवटचं कर," रणधीर हसत म्हणाला. "निरोपाचं."

दरवर्षी प्रयोग संपला की सगळी पोरं रंगमंचावर हात धरून ओळीनं उभी राहायची, आणि शामला विंगेतून येऊन दोन शब्द बोलायची. पालक त्या दोन शब्दांसाठीच थांबतात असं गावात म्हटलं जायचं. ती चष्मा काढायची, पदरानं पुसायची आणि म्हणायची, "ही लेकरं तुमचीच आहेत. मी उन्हाळ्यापुरती उसनी घेतली होती. आज परत करते." 'परत' या शब्दावर तिचा गळा दाटून यायचा. तो दरवर्षी दाटायचा आणि दरवर्षी खरोखर दाटायचा, याबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. कैवल्यनं हवेतला चष्मा काढला. पहिलं वाक्य त्यानं तिच्यासारखंच म्हटलं, आणि राजेश्वरी तोंडावर ओढणी धरून फिदीफिदी हसली. दुसरं वाक्य म्हटलं. आणि मग तो थांबला. शामला तिथं कधीच थांबत नसे. त्यानं मान हळूहळू फिरवली, हात धरून उभ्या असलेल्या, खोलीत नसलेल्या पोरांच्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर नेली, जणू कुणीतरी एक जण मोजणीत कमी येतोय, आणि तो सापडला नाही तेव्हा, गळ्याला जरासुद्धा कंप न देता, एखादी बाई दारात आलेल्या शेजारणीच्या हातात तिची वाटी देते तितक्या साधेपणानं तो म्हणाला, "आज परत करते."

कुणी हसलं नाही. रणधीरचं तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं होतं. बाहेर उभ्या असलेल्या शामलाच्या अंगावर त्या उन्हात काटा आला, आणि सगळ्यात आधी तिच्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं, राग नव्हता, शरमही नव्हती. इतकी वर्षं मुलांना उभं राहायला, बोलायला, थांबायला शिकवणाऱ्या बाईच्या मनात जे यायला हवं तेच आलं. असा मुलगा आपल्याला आजवर मिळाला नव्हता, असं आलं. मग तो कोण आहे हे आठवलं.

तिनं चप्पल पुन्हा पायात घातली, फाटकापर्यंत मागं गेली, कडी मुद्दाम वाजवली आणि पुन्हा आली. दोघं उठून उभे राहिले. "बाई, लवकर आलात?" रणधीरनं विचारलं. वीज गेल्याचं तिनं सांगितलं. कैवल्य दिवाणाच्या कडेला टेकला होता आणि मोबाइल बघत होता. "माठातलं पाणी गार नाही झालं अजून," तो म्हणाला. हा त्याचा आवाज. चढ नाही, उतार नाही, पत्रावळीसारखा सपाट. हाच आवाज ती त्याचा म्हणून ओळखत होती, आणि याला रंगमंचावर उभं करण्यासारखं काही नाही हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

ठरवलं होतं म्हणजे कधी, याचा ती त्या रात्री आणि पुढचे सगळे दिवस विचार करत राहिली. शिबिर सुरू केलं तेव्हा कैवल्य अजून नीट चालतही नव्हता. ती शाळेत गाणं शिकवायची. उन्हाळ्यात या गावात मुलांनी करावं असं काही नव्हतं. दुपारभर दारं लावून पडायचं आणि संध्याकाळी टँकरच्या मागं कळशा घेऊन पळायचं. तिनं मुख्याध्यापकांकडं हॉल मागितला, बंडप्पांना गळ घातली, आणि पंधरा-वीस पोरं जमवून गाण्यांचं एक नाटक बसवलं. मग दरवर्षी एक. 'बोलका रांजण', 'राजाला झोप येईना', 'चिंचेखालचं न्यायालय'. लिहायची ती, चाली लावायची ती. पुढं पुढं परंड्याहून, कळंबहून, लोहाऱ्याकडच्या गावांतून पोरं यायला लागली, आत्या-मावश्यांकडं महिनाभर राहायला लागली. कैवल्य आठ वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात तो ओळीत येऊन बसला. भूमिका वाटायच्या आदल्या दिवशी एक आई दुसऱ्या आईला नळाशी म्हणत होती, "मोठं काम कुणाला मिळणार ते काय सांगायचं? घरचाच बसलाय की पुढं." शामलानं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं कैवल्यला झाड केलं. त्या आईच्या मुलाला, म्हणजे रणधीरला, राजा केलं.

रणधीर चांगला राजा होता यात वाद नव्हता. छाती भरून बोलायचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. पण पुढच्या वर्षी कैवल्य पुन्हा रांगेत उभा राहिला, त्यानं दोन ओळी म्हणून दाखवल्या, आणि तिनं त्या ऐकल्याच नाहीत. कान तिकडं होते, पण ऐकलं नाही. कारण काय ऐकायचं ते आधीच ठरलं होतं. त्या वर्षी तो गर्दी झाला. मग समुद्राची लाट झाला, निळ्या साडीच्या खालून वाकून पळणाऱ्या पाचांपैकी एक. एका वर्षी त्यानं सगळं नाटक पाठ केलं. राजाचं, प्रधानाचं, पोपटाचं, सगळ्यांचं. ते तिला आत्ता आठवलं आणि कसं आठवलं तर न्हाणीघराच्या बंद दारामागून येणारं त्याचं गाणं. राजाचं झोपेचं गाणं, तिनंच लावलेली चाल, वरच्या स्वरावर जाऊन तिथून पोरांना नीट उतरता यायचं नाही म्हणून ती हैराण झालेली. दारामागचा मुलगा त्या स्वरावरून अलगद उतरत होता. आणि आपण दारावर थाप मारून म्हटलं होतं, कैवल्य, पाणी जपून वापर. गाणं थांबलं होतं. बादलीत तांब्या बुडवल्याचा आवाजही मग कितीतरी वेळ आला नव्हता.

त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं नाव दिलं नाही. पडद्याच्या दोरीपाशी कुणीतरी भरवशाचा लागतो, असं ती जेवताना म्हणाली होती, आणि तो "मी थांबतो" म्हणाला होता. तेव्हापासून पडदा त्याचा. गावात याचं कौतुक झालं. बाई बघा, पोटच्या पोराला पडदा ओढायला लावतात, पण दुसऱ्याच्या लेकराचा हक्क मारत नाहीत. सत्कारात कुणी तरी हे भाषणात म्हणायचं, आणि ती मान खाली घालून हसायची. ते तिला आवडायचं. फार आवडायचं. आता अंथरुणावर पडून, कूलरची घरघर ऐकत, तिनं त्या आवडण्याकडं पाहिलं आणि तिला कळलं की पोराला डावलल्याचं दुःख असं तिला कधी झालंच नव्हतं. तो दोरीपाशी उभा असणं हा तिचा दागिना होता. दरवर्षी मिरवला होता. आणि तो तिकडून तिला बघत होता. दोरी उजव्या विंगेत असते. तिथून रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभी असलेली बाई समोरून दिसत नाही, बाजूनंच दिसते. एक खांदा, एक गाल, चष्मा काढणारा एक हात. तो भिंतीकडं तोंड करून का उभा होता ते तिला इतक्या उशिरा समजलं.

सकाळी चहा घेताना तिनं नवऱ्याला विचारलं. राघवेंद्र कलेक्टर कचेरीतून निवृत्त झाले होते आणि पेपरातल्या पाणीसाठ्याच्या बातम्या मन लावून वाचायचे. कैवल्यला गाता येतं का हो, असं तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येतं की," ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "तुळजापूरला दादाच्या मुलाच्या लग्नात गोंधळ घातला होता, तेव्हा गोंधळ्यांच्या मागं बसून म्हणत होता. त्यातल्या म्हाताऱ्यानं संबळ थांबवून विचारलं, हा कुणाचा? तुला सांगितलं नव्हतं का? तू तेव्हा शिबिरात होतीस."

त्या दिवसापासून तालमीत तिची जीभ अडखळायला लागली. "सूर म्हणजे काय" एवढं तोंडातून निघालं की पुढचं वाक्य कुणी दुसराच बोलतोय असं वाटायचं. पोरं वाट बघत उभी राहायची. नाकातून आखूड श्वास घेतला की तिला तो ऐकू यायचा. डावा खांदा खाली गेलाय का, हे ती काचेच्या कपाटात बघायची. या वर्षीच्या 'आभाळाचा बाजार' नाटकात श्रिया नावाची एक चुणचुणीत मुलगी ढग विकणारी झाली होती. तिला एक वाक्य कसं म्हणायचं ते दाखवता दाखवता शामला थांबली, आणि "तुझ्या मनानं म्हण" असं म्हणून खाली बसली. मुलीनं गोंधळून बंडप्पांकडं पाहिलं. बंडप्पा म्हणाले, "बाईंस्नी ऊन लागलंया." कैवल्य मागच्या भिंतीशी शिडीवर चढून पडद्याच्या कड्या तपासत होता. त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवून ती त्याच्याकडंच बघत होती, आणि तो कड्यांकडं.

मग तिला सुचलं. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता सुचलं आणि तिनं हात धुऊन तिथंच लिहायला घेतलं. नाटकात एक म्हातारा वारा. सगळे ढग विकून झाल्यावर तो बाजारात येतो आणि आपलं विकायला काहीच नाही म्हणतो. दोन प्रवेश, एक गाणं. मोठ्या माणसानं करायचं काम. चाल तिला लिहिता लिहिताच सापडली, कितीतरी वर्षांनी अशी आपसूक सापडली. संध्याकाळी कैवल्य माठातलं पाणी पीत उभा असताना तिनं ते कागद त्याच्यापुढं धरले. हे तू कर, असं म्हणायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा तिला कुठल्याच पालकाशी, कुठल्याच साहेबाशी बोलताना लागला नव्हता. त्यानं पेला ठेवला, हात शर्टला पुसले आणि सगळं वाचलं. वाचताना गाण्यापाशी त्याचे ओठ हलले. तिनं ते पाहिलं. हलले आणि मिटले.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "रणधीरला दे. त्याला आवडेल."

"मी तुझ्यासाठी लिहिलंय."

"मला पडदाच बरा, आई. सवय आहे त्याची."

तिनं कागद परत घेतले नाहीत. तसेच त्याच्या हातात राहू दिले. बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलचा हॉर्न वाजला, शेजारच्या गच्चीवर कुरडयांचं वाळवण गोळा करणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारत होत्या. तुला माझा राग आहे का, असं तिनं विचारलं. कैवल्यनं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात खोटं काही नव्हतं हेच तिला सोसवलं नाही.

"लहानपणी होता," तो म्हणाला. "मग संपला."

राग असता तर तिला धरायला काही तरी मिळालं असतं. रागाशी भांडता येतं, त्याच्यापुढं रडता येतं, त्याची समजूत घालता येते. संपलेल्याचं काय करायचं? त्यानं कागद नीट घडी करून फ्रिजवर ठेवले आणि त्याच्यावर लिंबाची वाटी ठेवली, पंख्यानं उडू नयेत म्हणून. रणधीरनं दोन दिवसांत ते काम पाठ केलं. छाती भरून केलं. म्हातारा वारा त्याच्या तोंडी राजासारखा बोलला, आणि गाण्यात वरच्या स्वराला तो ओरडला. पोरांना फार आवडला.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरून गेला होता. आया पदरानं वारा घेत होत्या, बाप मोबाइल वर धरून मागं उभे होते, कुठल्या तरी लेकराच्या चेहऱ्यावरचा रंग घामानं उतरून कॉलरवर आला होता. नाटक चांगलं झालं. श्रिया एका ठिकाणी वाक्य विसरली आणि तिनं स्वतःच्या मनानं दुसरं म्हटलं, ते मूळ वाक्यापेक्षा चांगलं होतं. डाव्या विंगेत बसलेल्या शामलाला ते कळलं आणि त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला याचंही तिला बरं वाटलं, की अजून आपल्यात एवढं आहे. निरोपाचं बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पोरं ओळीनं उभी राहिली. तिनं राजेश्वरीला खुणेनं सांगितलं, पडदा टाकायला सांग. राजेश्वरीला वाटलं बाई नेहमीप्रमाणे भावनेच्या भरात आहेत. तिनं हसून तिला दंडाला धरलं आणि उजेडात ढकललं. टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आधीच रुमाल काढून ठेवला होता.

तर मग म्हणावंच लागलं. तिनं चष्मा काढला आणि पुसला. "ही लेकरं तुमचीच आहेत," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला तिच्याच घराच्या खिडकीतून आल्यासारखा ऐकू आला. "मी उन्हाळ्यापुरती उसनी घेतली होती." आता गळा दाटायचा. कढ येत होता, अगदी सवयीनं, वेळेवर येणाऱ्या एसटीसारखा घशाशी येऊन उभा राहिला होता. आणि तिला त्याची अशी काही किळस आली की तिनं तो गिळला. गिळला आणि थांबली. थांबल्यावर पुढं काय करायचं ते तिच्या अंगाला ठाऊक होतं. मान हळूहळू फिरली. नजर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, प्रत्येक रंगवलेल्या चेहऱ्यावरून, आणि शेवटच्या पोराच्या पलीकडं मोकळ्या जागेवर जाऊन थांबली. हॉल इतका शांत झाला की मागच्या बाकावरच्या तान्ह्या मुलाचं चोखणं ऐकू आलं. किती वेळ थांबायचं तेही तिला नेमकं ठाऊक होतं. मग ती साधेपणानं, कंप न देता म्हणाली, "आज परत करते."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा माणसं उठून उभी राहिली होती. असं आजवर कधी झालं नव्हतं. बंडप्पा तबल्यावर हात ठेवून खाली बघत होते. आणि शामलाच्या आतून, पायाच्या तळव्यापासून, एक सुखाची लाट वर आली, तिला थांबवता आली नाही. हे जमलं, हे आजवरच्या सगळ्यांत चांगलं जमलं. पडदा पडला नाही. टाळ्या ओसरायला लागल्या, पोरं एकमेकांकडं बघायला लागली, हात धरून धरून घामेजले, तरी पडदा पडला नाही. उजव्या विंगेकडं बघण्याचा धीर तिला झाला नाही. इतकी वर्षं तो एकदाही चुकला नव्हता. मग कुठं तरी कड्या सरकल्या आणि पडदा हळूहळू, अडखळत, त्या मोकळ्या जागेवरून तिच्याकडं आला.

सामान बांधताना तो तिच्याशेजारी आला. मखमल घडी करताना दुसरं टोक धरायला कुणी तरी लागतं, म्हणून तिनं ते धरलं. दोघं जवळ आले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. कसं झालं, असं तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं, आणि नाटकाबद्दल विचारत नव्हती हे दोघांनाही कळत होतं. त्याच्यासारखा जाणकार तिथं दुसरा कुणी नव्हता.

"छान झालं," तो म्हणाला. "नेहमीपेक्षा छान." घडी त्यानं तिच्या हातून घेतली आणि पेटीत ठेवली. त्याच्या पाठीकडं बघताना तिला वाटलं, याला आपण आजवर दिलं काहीच नव्हतं. त्यानं दोरीपाशी उभं राहून स्वतःचं म्हणून जे एक केलं होतं, तेवढंच राहिलं होतं, ते आज आपण सगळ्या गावादेखत उचललं. आणि तरीही 'नेहमीपेक्षा छान' हे शब्द तिनं घरी जाईपर्यंत जिभेवर घोळवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मदतनीस पोरं नेहमीप्रमाणं आमरसाला घरी आली. संध्याकाळच्या गाडीनं कैवल्य पुण्याला जाणार होता. त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. राघवेंद्र स्वतः आंबे पिळून रस काढत होते, राजेश्वरी पुऱ्या लाटत होती. जेवणं झाली, सगळे भिंतीला टेकून बसले, आणि रणधीर पोटावरून हात फिरवत म्हणाला, "बाई, एक गंमत सांगू का? रागवू नका. ह्यो कैवल्य तुमची लई भारी नक्कल करतो. कर रे, बाईंसमोर कर."

कैवल्यनं मान हलवली. राजेश्वरीनं आग्रह केला. राघवेंद्रांनीही रसाचे हात धुऊन येत, बघू तरी, म्हटलं. शामला काही बोलली नसती तर तो विषय तिथंच मिटला असता. पण तिला ते पुन्हा बघायचं होतं. तहान लागावी तसं बघायचं होतं, समोर बसून, खिडकीच्या फटीतून नाही. "कर की," ती म्हणाली. "मीही बघते."

तो उठला. खोलीच्या मधोमध आला. दिवाणावरचा टॉवेल घेऊन त्यानं डोक्यावरून पदरासारखा ओढला, राघवेंद्रांचा चष्मा नाकाच्या टोकावर लावला, कमरेवर हात ठेवला, आणि सगळ्यांकडं सरळ तोंड करून, नाकात, चिरक्या आवाजात ओरडला, "अरे गाढवा, सूर लाव सूर!" मग पदर सावरत दोन पावलं ठुमकत चालला, चष्मा पुसण्याचं सोंग करून भोकाड पसरलं, आणि टॉवेलात जोरात नाक शिंकरलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात कुठलंही पोरगं कुठल्याही बाईची करतं, ती नक्कल. तिच्यात शामला कुठंही नव्हती. राघवेंद्र खळखळून हसले. बाकीची पोरं हसली. रणधीरही हसला, पण जरा उशिरा.

"त्या दिवशी तर लईच वेगळं केलं होतंस," तो म्हणाला.

"मला एवढंच येतं," कैवल्य म्हणाला. त्यानं टॉवेलाची नीट घडी केली आणि ती करताना एकदा, एकदाच, शामलाकडं पाहिलं.

तिच्या लक्षात आलं की सगळे आता तिच्याकडं बघताहेत. काहीतरी करायला हवं होतं. ती हसली. आधी ओठांनी, मग खांदे हलवून, मग डोळ्यांना पदर लावून ती हसत राहिली, टाळ्या वाजवून हसली, आणि ते हसू इतकं मोकळं, इतकं खरं उतरलं की राजेश्वरी रणधीरला कोपरानं ढोसत हळूच म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते? बाईंना कशाचं काही वाटत नसतं."